आठ ते साडेनऊ टीव्ही आईचा असतो, तेव्हा पोरांनी काय करायचं?

मा. संपादक साहेब,

स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत व्हिडिओ गेमवर एक लेख आला होता तो मी दुकानात बसून दोनदा वाचला, एकदा सकाळी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा आणि एकदा दुपारी डबा खाताना. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं की टीव्हीला जोडायचं गेम मशीन टीव्हीलाच जोडलेलं बरं, त्याला स्क्रीन लावून हातात धरायची सोय केली की ते ना धड घरचं राहतं ना धड दारचं, ताकद कमी पडते, बॅटरीची कटकट मागे लागते आणि ज्याला घरात मोठ्या टीव्हीवरच खेळायचंय त्याला उगाच नको त्या गोष्टीचे पैसे भरावे लागतात. लेख अभ्यास करून लिहिलाय हे मान्य. पण वाचताना सारखं वाटत होतं की हे लिहिणाऱ्याच्या घरात दोन टीव्ही असणार. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय पण जमलं तर सगळं छापा.

माझं बेळगावच्या शहापुरात टीव्ही आणि गेम रिपेरीचं दुकान आहे, १९९४ पासून. आधी ते मोठ्या डब्याचे टीव्ही, मग एलसीडी, आता एलईडी, आणि मधल्या सगळ्या काळात पोरांचे गेम. तेव्हा ते कॅसेटवाले गेम असायचे ना, मूळ जपानी फॅमिकॉमची नक्कल, मूळ मशीन १९८३ चं पण आपल्याकडे त्याची नक्कल दहा वर्षांनी घरोघर आली. माझ्याकडे महिन्याला वीस-पंचवीस तरी यायचे. बहुतेकांत एकच बिघाड, ॲडॅप्टर चुकीचा लावलेला आणि आतली करंट पाच व्होल्टवर आणणारी ७८०५ ची आयसी तापून गेलेली, नाहीतर रिमोटच्या बटणाखालचं रबर झिजलेलं. काम दहा मिनिटांचं. पण ते मशीन घेऊन पोरगं एकटं कधीच यायचं नाही, सोबत आई नाहीतर आजोबा असायचे आणि मशीन दुरुस्त झालं तरी त्यांचा चेहरा पडलेलाच असायचा, कारण आता परत घरी टीव्हीवरून भांडण सुरू होणार. एका आजोबांनी तर मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ओ, बातम्या संपेपर्यंत ते चालूच होऊ नये असं कायतरी करता येतंय काय बघा की." मी हसलो होतो तेव्हा. आता वाटतं त्या माणसानं खरा प्रश्न तीस वर्षांपूर्वीच विचारला होता, आणि मी त्यावर हसलो हे चुकलंच.

आमच्या भागातली घरं कशी आहेत ते लेखकांनी एकदा येऊन बघावं. शहापूर, वडगाव, खासबाग इथं विणकरांची घरं, पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत स्वयंपाक आणि मधल्या खोलीत फळीवर एक टीव्ही. त्या एका टीव्हीवर आठ ते साडेनऊ आईच्या मालिका, मॅच असली तर वडिलांचा हक्क, कुणी पाहुणा आला तर तो बंदच. पोरांचा नंबर कधी लागणार? रात्री दहाला, आणि तेव्हा झोपायची वेळ. माझ्या घरी पण हेच चालतं, माझी आई ऐंशीची आहे, तिला दुसरी करमणूक नाही, तिच्या हातातून रिमोट काढून घ्यायचा विचार पण माझ्या मनात येत नाही. तर मग टीव्हीशिवाय चालत नसलेलं मशीन चाळीस-पन्नास हजाराला घेऊन आमच्या घरात दिवसाला किती तास चालणार? हिशेब करा, तासभर. म्हणून मी म्हणतो की हातात धरून खेळायची सोय ही आमच्यासारख्यांसाठी चैन नाहीये, ती असली तरच मशीन वापरलं जातं.

आणि ही आयडिया काल-परवाची पण नाही. १९८० साली जपानात निन्टेंडो कंपनीतल्या गुनपेई योकोई नावाच्या माणसानं खिशातला गेम केला, कॅल्क्युलेटरच्या स्क्रीनचं तंत्र वापरून. सांगतात की रेल्वेत एक माणूस वेळ जात नाही म्हणून कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसला होता ते बघून त्याला सुचलं. मला ही गोष्ट फार आवडते कारण राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळूरला जाताना रात्रभर आपण पण असंच कायतरी दाबत बसतो. त्याच कंपनीनं १९८९ ला गेम बॉय काढला, चार पेन्सिल सेलवर चालणारा. मग १९९४ ला उलटं केलं, गेम बॉयची कॅसेट घरच्या मशीनमध्ये घालून टीव्हीवर खेळायचं एक जोडयंत्र आणलं. म्हणजे हातातला गेम टीव्हीवर न्यायची इच्छा तेव्हापासून होती. सेगा या दुसऱ्या कंपनीनं १९९५ ला नोमॅड काढला, तो तर घरच्या मशीनच्याच कॅसेट घ्यायचा, सव्वातीन इंचाचा स्क्रीन, टीव्हीला जोडायची पण सोय. पण त्याला सहा पेन्सिल सेल लागायचे आणि दोन-तीन तासात संपायचे. विचार करा, सहा सेल रोज कुठून आणायचे? म्हणजे कल्पना बरोबर होती, बॅटरी आणि चिप त्या जागेवर पोचली नव्हती.

आता लेखकांनी निन्टेंडोच्याच वी यू या मशीनचं उदाहरण दिलंय की बघा, स्क्रीनवाला कंट्रोलर केला आणि कंपनी आपटली. आकडा बरोबर आहे, आधीचं वी मशीन दहा कोटींच्या वर विकलं गेलं आणि २०१२ चं वी यू साधारण १ कोटी ३५ लाखावर थांबलं. पण त्यावरून लेखकांनी काढलेला अर्थ मला पटत नाही. वी यू च्या त्या सव्वासहा इंची गेमपॅडमध्ये गेम चालतच नव्हता, गेम चालायचा टीव्हीखालच्या डब्यात आणि हवेतून फक्त चित्र गेमपॅडवर यायचं, सात-आठ मीटरपलीकडे गेलं की संपलं. म्हणजे आई मालिका बघत असताना पोरगं त्याच खोलीत कोपऱ्यात बसून खेळू शकतं एवढं बरं झालं, पण माळ्यावर गेलं तर नाही, गाडीत तर नाहीच. शिवाय लोकांना कळलंच नाही की हे नवीन मशीन आहे की जुन्या वी चं नुसतं ॲक्सेसरी. तर ते हँडहेल्ड, म्हणजे हातात धरायची, सोय जोडल्यामुळे पडलं नाही, अर्धवट जोडल्यामुळे पडलं. दोरीनं बांधलेला बैल मोकळा चरतोय असं आपण म्हणत नाही.

त्याच कंपनीनं मग काय केलं बघा. २०१५ च्या मार्चमध्ये कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी एनएक्स या नावानं नवीन मशीनची घोषणा केली, त्याच जुलैमध्ये ते वारले, आणि ३ मार्च २०१७ ला ते मशीन स्विच म्हणून बाजारात आलं. मी पहिल्यांदा स्विच उघडला तेव्हा खरंच खुश झालो. डॉक म्हणजे टीव्हीशेजारचा तो खाचेचा डबा, लोकांना वाटतं खरं मशीन ते आहे, तसं नाहीये, त्यात विचार करणारी चिपच नाही, तो फक्त करंट आत घेतो आणि चित्र टीव्हीकडे पाठवतो. सगळा मेंदू हातातल्या तुकड्यात. डॉकमध्ये बसवला की भिंतीचा करंट मिळतो म्हणून चिप जोरात पळते आणि १०८० पी म्हणजे फुल एचडीपर्यंत चित्र देते, उचलला की बॅटरी वाचवायला चिप हळू होते आणि चित्र कमी ठिपक्यांच्या ७२० पी वर येतं. लेखक म्हणतात ही तडजोड. होय, तडजोड आहेच. पण ६.२ इंची स्क्रीनवर ७२० पी म्हणजे एका इंचात साधारण २३७ ठिपके पडतात आणि आपल्या हॉलमधल्या ४३ इंची फुल एचडी टीव्हीत इंचाला ५१. डोळ्याला कमी पडतच नाही. जो टीव्हीवर बघतोय त्याला टीव्हीचं मिळतंय, जो हातात बघतोय त्याला हाताचं. तो स्विच १५ कोटींच्या वर विकला गेलाय, आणि २०२५ च्या ५ जूनला स्विच २ आला तो पण त्याच पद्धतीचा, ७.९ इंची स्क्रीन आणि हातात पण १०८० पी. कंपनीकडून तो इथं अधिकृत विक्रीला येत नाही, दुबईहून नाहीतर कुणीतरी परदेशातून येताना आणलेला असतो, तरी माझ्या टेबलावर येणाऱ्यांची संख्या वाढतेच आहे.

एक गोष्ट सांगतो, म्हणजे मी एवढं का भांडतोय ते कळेल. माझी बहीण खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला दिलेली आहे. तिकडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको, जुलैत एकदा झाड पडलं की दोन-दोन दिवस करंट नाही. तिच्या पोराला त्याच्या काकानं जुना स्विच दिलेला. मागच्या पावसाळ्यात मी तिकडे गेलो होतो, संध्याकाळी सहाला करंट गेला तो गेलाच. पोरगं डॉकमध्ये लावून खेळत होतं, टीव्ही बंद झाला, आणि त्यानं काय केलं तर शांतपणे डॉकमधून मशीन उपसलं आणि चालू गेम जिथं होता तिथून पुढं सुरू. मला म्हणतो, "मामा, करंट गेला तरी चालतंय की ओ!" मग शेजारची दोन पोरं आली, ती घरात कन्नड बोलणारी, यांचं आपसात दोन्ही भाषा मिसळून चालतं. पाटावर मशीन उभं करायला गेले तर मागचा तो पातळ स्टँड ओल्या पाटावर घसरायला लागला, मग माझ्या भाच्यानं पाण्याचा तांब्या मागं टेकू म्हणून लावला. दोन्ही बाजूचे जॉयकॉन, म्हणजे सुटे होणारे कंट्रोलर, काढले, एकेक साबणाच्या वडीपेक्षा थोडा लांब, एकाच्या हातात एक दुसऱ्याच्या हातात एक, आणि गाड्यांची रेस सुरू. हरेल त्यानं उठायचं. बाहेर कौलांवर पावसाचा आवाज एवढा की गेमचा आवाज ऐकूच येईना. बहिणीच्या सासूबाई चुलीपाशी बसलेल्या, त्यांना स्क्रीन नीट दिसत पण नव्हता, पण दर दोन मिनिटांनी विचारायच्या, "कोण जिंकालंय रे आता?" आणि पोरं तिघंही एकदम ओरडायची. नऊच्या सुमारास बॅटरी संपली, पोरं जेवायला बसली. तीन तास. त्या घरात त्या रात्री टीव्हीला बांधलेलं मशीन असतं तर ते कपाटातल्या विटेएवढंच कामाचं होतं.

म्हणून मला रिमोट प्लेवाल्या, म्हणजे दुसऱ्या मशीनवर चाललेला गेम वाय-फायवरून हातात दाखवणाऱ्या, वस्तूंबद्दल पण बोलायचंय, कारण लेखकांनी त्या आणि स्विच एकाच टोपलीत घातलेत. सोनीचा प्लेस्टेशन पोर्टल २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आला, आठ इंची छान स्क्रीन, दोन्ही बाजूला मूठ. हातात घेतला की वाटतं वा. पण तो आला तेव्हा त्याच्यात स्वतःचा गेम चालतच नव्हता, घरचा पीएस ५, म्हणजे सोनीचं टीव्हीला जोडायचं प्लेस्टेशन ५ मशीन, चालू नाहीतर रेस्ट मोडमध्ये (अर्धवट झोपेत) पाहिजे आणि वाय-फाय पाहिजे, कंपनीच सांगते की नेटचा वेग किमान ५ एमबीपीएस, चांगलं चालायला १५. बेंगळूरच्या फ्लॅटमध्ये बेडरूममध्ये पडून खेळायला ते उत्तम आहे, मी नाव ठेवत नाही. पण करंट गेला की पीएस ५ गेला, राउटर गेला, आणि हातात राहिला तो आरसा. माझ्याकडे लोक विचारायला येतात की हे घेऊ काय, मी आधी विचारतो घरी इन्व्हर्टरवर काय काय आहे, राउटर आहे काय, तुम्ही कुठं बसून खेळणार. अर्ध्या लोकांना तिथंच उत्तर मिळतं.

आता लेखकांच्या एका मुद्द्याशी मी शंभर टक्के सहमत आहे. सगळीच मशीन हातात धरायची करा असं मी म्हणत नाहीये, ते होणार पण नाही. पीएस ५ पहिला आला तेव्हा साडेचार किलोचा होता आणि मोठा गेम चालू असताना तो साधारण २०० वॅट ओढतो. पहिल्या स्विचची बॅटरी ४३१० एमएएच ची, म्हणजे साधारण १६ वॅट-अवर. ती बॅटरी पीएस ५ ला लावली तर पाच मिनिटं पण पुरणार नाही, आणि उष्णता वेगळीच, ते धरायला हातात पकड लागेल. ज्याला मोठ्या स्क्रीनवर फोर-के मध्ये खेळायचंय त्याच्यासाठी तो डबा राहू दे. फक्त त्या डब्याला जगातलं एकच खरं गेम मशीन म्हणू नका, आणि दुसऱ्याला खेळणं म्हणून हिणवू नका. आणि उलट बाजूला पण चूक होते, स्विच लाईट २०१९ ला आला तो नुसता हातातला, साडेपाच इंची, टीव्हीला जोडताच येत नाही. माझ्याकडे वडील लोक येतात, "टीव्हीला लावायची वायर द्या." मी सांगतो वायरच नाही त्याला, आतून चित्र बाहेर पडतच नाही. त्यांचा चेहरा बघवत नाही, कारण दिवाळीला सगळ्यांनी मिळून टीव्हीवर खेळायचं ठरवून पैसे साठवलेले असतात. दोन्ही पाहिजे हो. रविवारी दुपारी टीव्ही मोकळा असतो तेव्हा चौघांनी मोठ्या स्क्रीनवर, आणि आठ ते साडेनऊ हातात.

माझी तक्रार वेगळीच आहे आणि ती लेखात कुठंच नाही. बॅटरी. हातात धरायचं मशीन म्हणजे बॅटरी आली आणि बॅटरी म्हणजे तीन-चार वर्षांनी बदलायची वस्तू, घड्याळाच्या सेलसारखी. पण आता सगळे बॅटरी डिंकानं चिकटवतात. दोन महिन्यांपूर्वी एक कॉलेजचं पोरगं एक हँडहेल्ड घेऊन आलं, कंपनीचं नाव मी घेत नाही. म्हणालं स्क्रीन वर उचलला गेलाय. मी बघितल्या बघितल्या ओळखलं, बॅटरी फुगलेली. पापड तळताना मधे फुगतो तशी. अशा वेळी टोकदार काहीही लावायचं नसतं, भोसकली तर पेट घेते. मी खाली वाळूची बादली ठेवली, पंखा बंद केला, कडेनं डिंक सैल करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल थेंब थेंब सोडलं आणि प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीनं पाऊण तास हळूहळू ती सोडवली. पोरगं समोर स्टुलावर बसून होतं, एक शब्द बोललं नाही. बॅटरी निघाली तेव्हा माझ्या पाठीतनं घाम गेलेला. हेच चार स्क्रूचं झाकण असतं तर पाच मिनिटांचं काम, आणि ते पोरगं घरी स्वतः करू शकलं असतं. युरोपात २०२३ ला बॅटरीचा कायदा झालाय, त्याप्रमाणे १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा वस्तूंच्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आल्या पाहिजेत. आपल्याकडे पण अशी मागणी झाली पाहिजे असं मला मनापासून वाटतं, आणि ती पेपरवाल्यांनी लावून धरली तर आमच्यासारख्या रिपेरीवाल्यांवर उपकार होतील.

तसंच त्या स्टिकचं. अंगठ्याखालची ती छोटी काडी, तिच्या आत कार्बनचा पट्टा असतो त्यावरून पत्ती घासत फिरते, घासून घासून पट्टा झिजला की हात न लावता माणूस गेममध्ये चालायला लागतो. टीव्हीच्या मशीनला नवीन कंट्रोलर घेता येतो, हातातल्या मशीनला काडी अंगातच बसवलेली असली तर अख्खं मशीन उघडावं लागतं. चुंबकावर चालणाऱ्या हॉल इफेक्टच्या काड्या मिळतात, त्यात घासायला काही नाही. त्या सरसकट का घालत नाहीत?

आणि कॅसेट. आमच्या वेळी एक कॅसेट वडगावातून निघायची ती अनगोळ, टिळकवाडी फिरून सहा महिन्यांनी मूळ मालकाकडे परत यायची, आणि मधे पाच घरची पोरं खेळलेली असायची. स्विच २ च्या काही गेमची कार्डं आता अशी आहेत की त्यात गेमच नाही, नुसती किल्ली, गेम नेटवरून उतरवून घ्यायचा. जांबोटीच्या पावसात ते कोण उतरवणार? हातात घेऊन कुठंही जा म्हणायचं आणि गेम मात्र नेटला बांधून ठेवायचा, हे मला अजिबात पटत नाही.

तर संपादक साहेब, लेखकांना माझा नमस्कार कळवा, माझा त्यांच्यावर राग नाही. आत्ता माझ्या टेबलावर एक पहिल्या वर्षाचा स्विच उघडा पडलाय, शेजारी एक पीएस ५ पण सर्व्हिसला आलाय, दोन्हीची झाकणं काढलेली आहेत. गुरुवारपर्यंत दोन्ही माझ्याकडेच आहेत. मंगळवारी दुकान बंद असतं, बाकी कधीही सहानंतर त्यांनी यावं, दोन्ही शेजारी ठेवून दाखवतो, आणि आठ वाजले की वर घरी जाऊ, आईची मालिका चालू असेल.

आपला नेहमीचा वाचक,
एक टीव्ही रिपेरीवाला, शहापूर, बेळगाव